वडिलांच्या रकान्यातली रेघ

दाताच्या दवाखान्यात मी समोरच्या काउंटरवर बसायचे आणि कवळीताई मागच्या खोलीत. पेशंटला मी दिसायचे, त्या दिसायच्या नाहीत. पण त्यांचं काम पेशंटच्या तोंडात वर्षानुवर्षं राहायचं, आणि माझं नाव दाराबाहेर पडेपर्यंतही कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

मागची खोली लांबट होती, एकाच खिडकीची. भिंतीला लागून ओटा, त्यावर मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा, बारीक हत्यारांचा डबा, जबड्यासारखं उघडमीट होणारं एक पितळी यंत्र. वरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं पेशंटचा नंबर. नवीन माणूस आत डोकावला की हमखास दचकायचा. ताई मान वर न करता म्हणायच्या, "या आत, यातला एकही चावत नाही."

कवळी करण्याआधी त्या पेशंटकडे जुना फोटो मागायच्या, हसतानाचा. पुढचे दात मुळात जसे असतील तसे, थोडे वाकडे असतील तर थोडे वाकडेच लावायच्या. सगळे दात सरळ रांगेत लावले की तोंड उसनं आणल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. एका रिटायर झालेल्या बस ड्रायव्हरच्या पुढच्या दोन दातांत फट होती. ताईंनी ती तशीच ठेवली. कवळी बसवून तो बाहेर आला तेव्हा त्याची बायको माझ्यासमोरच्या बाकावर बसली होती. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आत्ता कुठे तुमच्यासारखे दिसताय."

अठ्ठावीस वर्षं ताईंनी हे काम केलं. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून लग्नानंतर दोन वर्षांतच त्या आईकडे परत आल्या होत्या, आणि तेव्हापासून दोघी मायलेकी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या.

मग यंत्र आलं. कॉम्प्युटरवर जबड्याचं चित्र काढायचं, बटण दाबायचं, दुपारपर्यंत कवळी तयार. आमचे डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी ताईंना बोलावून सरळ सांगितलं, "दोन वर्षं तुमची खोली आहे तशी राहील. त्यापुढे मला जमेलसं वाटत नाही." ताई म्हणाल्या, "बरं. प्लास्टर घट्ट होतंय, मी जाते." आणि गेल्या. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही, एवढं मला आठवतं.

त्याच हिवाळ्यात डॉक्टरांच्या ओळखीचे एक परदेशी डॉक्टर दवाखाना बघायला आले. त्यांचं काम वेगळं होतं. आजारात किंवा अपघातात ज्यांचा जबडा, टाळू, चेहऱ्याचा काही भाग गेलाय, अशा लोकांना ते तो बनवून बसवत. डॉक्टर त्यांना नवं यंत्र दाखवायला निघाले होते, पण पाहुणे मागच्या खोलीत शिरले ते तिथेच रमले. ताईंनी केलेल्या एका कवळीच्या हिरड्या त्यांनी खिडकीशी नेऊन उलटसुलट करून बघितल्या. ताई हिरड्यांना एकच गुलाबी रंग देत नसत. कुठे फिका, कुठे जांभळट झाक, मध्येच अगदी बारीक लाल रेषा.

"आमच्याकडे असं हातानं करणारे राहिले नाहीत," ते म्हणाले. "आणि आमच्या पेशंटना यंत्रानं भागत नाही. तुम्ही या. शिकवायलासुद्धा या."

ताईंना वाटलं, पाहुणे गोड बोलतात. पण महिन्याभरात पत्र आलं, शिक्क्याचं, रीतसर.

त्या पत्र घेऊन त्या देशाच्या वकिलातीत गेल्या. खिडकीमागच्या अधिकाऱ्यानं अर्ज बघितला आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. कामाचा परवाना पंचेचाळीस वर्षांपर्यंतच मिळतो, ताई एक्कावन्न. ताईंनी कागद गोळा केले. त्या उठता उठता त्यानं सवयीनं विचारलं, "तुमच्या आईवडिलांपैकी, आजीआजोबांपैकी कुणी आमच्याकडचं होतं का?"

"आईचे वडील होते म्हणे," ताई म्हणाल्या. "इथे बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. मी त्यांना बघितलेलं नाही."

अधिकाऱ्यानं अर्ज बाजूला सारला आणि खणातून दुसराच फॉर्म काढला. "मग तुम्हाला परवाना कशाला हवा? आजोबा आमचे नागरिक होते आणि तुमची आई त्यांची मुलगी, एवढं सिद्ध केलंत तर तुम्ही आमच्याच."

ताई दवाखान्यात परत आल्या त्या सरळ माझ्या काउंटरपाशी. "एवढं सिद्ध केलं तर," त्या म्हणाल्या. "ऐकलंस? एवढंच."

एवढंच का नव्हतं ते मला हळूहळू कळत गेलं. ताईंच्या आईला मी मावशी म्हणायचे. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. त्या सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील 'घरी जाऊन येतो, दोन महिन्यांत परततो' म्हणून बोटीवर चढले आणि परत आले नाहीत. सुरुवातीला दोन पत्रं आली, मग तीही बंद. मावशींच्या आईनं तीन वर्षं वाट बघितली. मग एके दिवशी नवऱ्याचे फोटो, पत्रं, लग्नाचा दाखला, सगळं चुलीत घातलं. मुलीला मोठ्या शाळेत घालायची वेळ झाली तेव्हा जन्माचा नवा दाखला काढला. त्यात वडिलांच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ होती.

तो दाखला मी पाहिला. शाईनं मारलेली रेघ, रकान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लिहिणाऱ्यानं पट्टी लावून मारली असावी.

ताईंनी घरी विषय काढला तेव्हा मावशी भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला वडील नाहीत. दाखल्यात बघ."

"आई, मला तिथे काम मिळतंय. चांगलं काम."

"मग जा. त्याच्या नावावर कशाला जातेस? स्वतःच्या नावावर जा."

"स्वतःच्या नावावर घेत नाहीत. म्हातारी झाले मी."

"तू म्हातारी? मग मी कोण?" एवढं बोलून मावशींनी भाजीचं ताट उचललं आणि आत गेल्या. तिथेच विषय संपला.

आजोबांचं नाव ताईंना ठाऊक होतं, कारण त्यांच्या आजीनं शेवटच्या आजारपणात ते एकदा घेतलं होतं. पण त्या देशात जन्ममृत्यूची नोंद गावोगावच्या दप्तरात असते, आणि गाव ठाऊक असल्याशिवाय शोधायचं कुठे? गाव फक्त मावशींना माहीत असणार. त्या सांगायच्या नाहीत. चार महिने ताईंनी वेगवेगळ्या वाटांनी विचारून बघितलं. मावशी कधी बहिऱ्या झाल्या, कधी त्यांना झोप आली, एकदा तर त्यांनी टीव्हीचा आवाज इतका मोठा केला की खालच्या मजल्यावरून माणूस वर आला.

शेवटी ताईंनी वेगळंच केलं. त्या देशाच्या किनाऱ्यावरच्या गावांची यादी मी त्यांना छापून दिली होती, एकशे बारा गावं. बोटींची इंजिनं जाणणारा माणूस समुद्राकाठचाच असणार, एवढाच आमचा अंदाज. रविवारी दुपारी ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी यादी घेऊन बसल्या आणि एकेक नाव मोठ्यानं वाचून त्यापुढे खुणा करू लागल्या. मावशी पलीकडे शिवण घेऊन बसल्या होत्या, पाठ करून. मला ताईंनी मुद्दाम चहाला बोलावलं होतं. मावशी माझ्यासमोर टीव्ही मोठा करणार नाहीत, हा त्यांचा हिशेब.

तीस नावं झाली. चाळीस झाली. ताई ती नावं आपल्या पद्धतीनं, अक्षर न् अक्षर उच्चारत होत्या. साठाव्या की एकसष्टाव्या नावाला मावशी सुई न थांबवता म्हणाल्या, "असं नाही म्हणत ते. शेवटचं अक्षर गिळायचं असतं."

आणि त्यांनी ते नाव म्हणून दाखवलं. आम्ही कधी न ऐकलेल्या सुरात, शेवटाकडे आवाज खाली नेत.

मग सुई थांबली. ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. मावशींनी शिवण गुंडाळली आणि म्हणाल्या, "चहा थंड होतोय तिचा." मी चहा प्यायले. तो खरंच थंड झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पत्र लिहिलं. त्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. फोनवरचं भाषांतर आणि एक जुना शब्दकोश यांच्या जोरावर मी अर्धं पान टाईप केलं. त्या गावच्या नोंदणी कार्यालयाला. आजोबांचं नाव, अंदाजे जन्मवर्ष, ते इथे आल्याचं वर्ष, मावशींची जन्मतारीख. खाली ताईंची सही.

साडेचार महिने काही नाही. दवाखान्यात यंत्राचं काम वाढत होतं, मागच्या खोलीत फळीवरचे जबडे कमी होत चालले होते. ताई रोज आल्या आल्या माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायचे, त्या आत जायच्या.

पाकीट आलं ते एका मंगळवारी. आत दोन शिक्क्याचे कागद होते आणि एक हातानं लिहिलेली चिठ्ठी, तिथल्या नोंदणीबाईंची. ताईंनी दुपारची सुट्टी घेतली आणि मला बरोबर नेलं. भाषांतर मी वाचणार होते आणि मावशी ऐकणार होत्या. ऐकायचं नाही असं त्या म्हणाल्या नाहीत, एवढंच.

पहिला कागद आजोबांच्या जन्माचा. दुसरा मावशींच्या जन्माचा.

हो, मावशींच्या. त्यांचा जन्म झाल्यावर तेविसाव्या दिवशी आजोबा इथल्या वकिलातीत स्वतः गेले होते, मुलगी झाल्याचं लिहून दिलं होतं, सही केली होती, आणि ती नोंद तिकडे गावच्या दप्तरात चढली होती. आईचं नाव बरोबर, तारीख बरोबर, बंदराजवळच्या खोलीचा पत्ता बरोबर. वडिलांच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव. फक्त मुलीचं नाव दुसरंच होतं.

"म्हणजे माझं नाही ते," मावशी म्हणाल्या. जरा घाईनंच म्हणाल्या. "दुसरी कुणी असेल. त्याचं काय सांगावं."

"तारीख तुझी आहे, आई. आजीचं नाव आहे."

"नाव काय लिहिलंय?"

मी कागदावरचं नाव वाचलं, जमेल तसं. मावशींनी ते नाव म्हटलं, आणि शेवटचं अक्षर गिळलं.

"मला वाटायचं, त्यांच्या भाषेत ते बाळाला म्हणतात," त्या म्हणाल्या. "छकुली, सोनुली, तसलं काहीतरी. मला ते अशीच हाक मारायचे. माझं नाव आहे होय ते?"

त्यांनी वडिलांना अहोजाहो केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ताई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मावशी रडल्या नाहीत. त्यांनी कागद मागून घेतला आणि ती ओळ बोटानं पुन्हा पुन्हा चाचपली, जणू ती उठावाची असावी.

नोंदणीबाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं की त्या माणसाच्या मृत्यूची नोंदही त्यांनी शोधली. परतल्यावर ते एकतीस वर्षं जगले. दोरखंडाच्या एका दुकानावरच्या खोलीत एकटेच राहत. मृत्यूच्या नोंदीत 'विवाहित, एक मुलगी, परदेशी' असं होतं.

"एकतीस वर्षं," मावशी म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी धरून चाललं होतं की तिकडे त्यांचा दुसरा संसार असणार, मुलं असणार. "कुणी नव्हतं? मग आले का नाहीत?"

चिठ्ठीत त्याचं उत्तर नव्हतं. आजही कुणाकडे नाही.

"विसरले नव्हते, आई," ताई म्हणाल्या.

"विसरले नव्हते म्हणजे झालं का?" मावशींचा आवाज चढला नाही. "मी सदतीस वर्षांची होते ते गेले तेव्हा. तू दहा वर्षांची. तुला बघता आलं असतं." मग म्हणाल्या, "कागद नीट ठेव. ओल लागेल अशा जागी ठेवू नकोस."

पुढचं काम कचेऱ्यांचं होतं. आजोबांनी इथलं नागरिकत्व कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे साखळी तुटली नव्हती. मावशी जन्मापासूनच त्या देशाच्या नागरिक होत्या, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. पण दोन नावांची बाई एकच, हे शपथेवर सांगायला मावशींना लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी हवं होतं. अशी एकच उरली होती. त्यांच्या जुन्या गल्लीतली मैत्रीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, कानानं पूर्ण गेलेली, आवाजानं मात्र शाबूत.

वकिलाच्या ऑफिसात आम्ही पाचजण दाटीवाटीनं बसलो. वकिलानं तीनदा प्रश्न विचारला, तीनदा मैत्रीण म्हणाली, "मला चहा नको." शेवटी ताईंनी तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवला: हिचे वडील हिला काय हाक मारायचे?

मैत्रिणीनं चष्मा सावरून वाचलं आणि ते नाव इतक्या मोठ्यानं घेतलं की बाहेरचा शिपाई आत आला. "संध्याकाळी कामावरून आले की गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायचे," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या पोरी चिडवायचो हिला. हिला राग यायचा. अजून येतो का गं?"

"नाही," मावशी म्हणाल्या. मग मैत्रिणीला ऐकू जाणार नाही हे लक्षात येऊन त्यांनी नुसती मान हलवली.

मावशींचा पासपोर्ट आधी झाला, कारण ताईंचा हक्क त्यांच्यातून जाणार होता. फोटो काढायला आम्ही गेलो तेव्हा मावशी ताईंनी केलेली नवी कवळी घालून, केस विंचरून तयार. फोटोवाला म्हणाला, "आजी, तोंड मिटा. दात दिसलेले चालत नाहीत."

"लेकीनं तीन आठवडे खपून केलेत ते," मावशी म्हणाल्या. "मिटू कसं?"

तीन फोटो फुकट गेले. चौथ्यात तोंड मिटलंय, पण बघणाऱ्याला कळतं की बाई आतल्या आत हसतेय. वकिलातीनं तो चालवून घेतला.

ताईंच्या नागरिकत्वाचं पत्र त्यानंतर सात महिन्यांनी आलं. खोलीची मुदत संपायला सहा आठवडे उरले होते. त्यांनी ते ओट्याशी उभ्यानंच वाचलं, मला आत बोलावून वाचायला दिलं, आणि मी वाचत असताना खुर्चीवर बसल्या. अठ्ठावीस वर्षांत आणखी दोन वर्षांची भर पडली होती, आणि मी त्यांना कामाच्या वेळी नुसतं बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "आता भाषा शिकायला हवी," त्या म्हणाल्या. "हिरड्यांना काय म्हणतात तिकडे, बघ बरं."

मावशी जाणार की नाही, यावर दोघींचे बरेच खटके उडाले. "बोलवायचं तेव्हा बोलावलं नाही, आता मी कशाला जाऊ?" हे मावशींचं ठरलेलं वाक्य. ताईंनी आग्रह सोडून दिला. शेजाऱ्यांना सांगून ठेवलं, औषधांची डबी भरून ठेवली, मी आठवड्यातून दोनदा जाईन असं ठरलं. निघायला दहा दिवस राहिले तेव्हा मावशींनी विचारलं, "तिकडे थंडी फार असते का? तीन आठवड्यांपुरता एक स्वेटर पुरेल?"

त्या ताईंबरोबरच गेल्या. पुढचं मी फोनवर ऐकलं.

पहिल्याच आठवड्यात दोघी ट्रेननं आजोबांच्या गावी गेल्या. नोंदणीबाई आमच्या कल्पनेपेक्षा तरुण निघाल्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी मूळ दप्तर काढून टेबलावर उघडलं. मावशींनी सही बघितली, मोठी, तिरकी. "घाईत असायचे नेहमी," एवढंच म्हणाल्या. दोरखंडाच्या दुकानाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान होतं. वरच्या खोलीची खिडकी खालून दिसली. कबर मात्र नव्हती; तिथे जागा पंचवीस वर्षांनी दुसऱ्याला देतात. ताईंना वाटलं, आईला लागेल हे. मावशी म्हणाल्या, "बरं झालं. रडायची तयारी करून आले नव्हते मी." मग त्यांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन चष्म्याची सैल झालेली दांडी घट्ट करून घेतली.

ताईंचं काम त्या पाहुण्या डॉक्टरांच्या कार्यशाळेत सुरू झालं. पहिला पेशंट एक रिटायर झालेला पोस्टमन. टाळूचा भाग काढावा लागला होता, त्यामुळे तो बोलला की कुणाला कळत नसे. ताईंनी केलेला भाग बसवल्यावर त्यानं बायकोचं नाव घेतलं. सरावासाठी आधी छोटे शब्द घ्यायचे असतात, पण तो ऐकेना. त्याला ते तिसऱ्या प्रयत्नात जमलं. एवढं मला सांगून ताईंनी विषय बदलला. म्हणाल्या, हाताखाली दोघी शिकायला आल्यात. एकीचा हात चांगला आहे, दुसरी बोलते फार, पण तिलाही येईल.

"आणि मावशी?" मी विचारलं.

मावशींनी परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललंय. शेजारच्या म्हातारीशी त्यांचं जिन्यातल्या कुंड्यांवरून भांडण सुरू आहे. भांडायला शब्द पुरत नाहीत, म्हणून त्या आता आठवड्यातून दोनदा भाषेच्या वर्गाला जातात.